कार्तिकस्वामींच्या दारावरची पाटी

आजच्या हरियाणात, रोहतकच्या परिसरात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यौधेयांचं गणराज्य नांदत होतं. लढाई हाच ज्यांचा धंदा आणि तीच ओळख, अशी ही माणसं. आपल्या काही नाण्यांवर त्यांनी कुणा राजाचं नाव घातलं नाही, देवाचं घातलं: भगवान स्वामी ब्रह्मण्य, म्हणजे कार्तिकेय. नाण्याच्या एका बाजूला सहा मस्तकांचा, हातात भाला घेतलेला हा युद्धदेव उभा आहे. नाणं उलटलं की दुसऱ्या बाजूला एक देवी, आणि काही नाण्यांवर तीही सहा मस्तकांची. अभ्यासक तिला षष्ठी म्हणून ओळखतात. महाभारताच्या हिशेबाने षष्ठी म्हणजेच देवसेना, या देवाची बायको.

त्याच हरियाणात, कुरुक्षेत्राजवळ पेहोव्याला कार्तिकेयाचं प्रसिद्ध देऊळ आहे आणि तिथे बायकांनी देवाचं तोंड पाहायचं नाही असा दंडक आहे. आपल्याकडे याचं नवल वाटायचं कारण नाही. पुण्यात पर्वतीवरच्या कार्तिकस्वामींचं दर्शन बायकांनी घ्यायचं नसतं, हे पुणेकराला कुणी सांगावं लागत नाही. देवदेवेश्वराला नमस्कार करून बायका पुढे सरकतात, आणि कार्तिकस्वामींच्या दाराशी आल्या की नजर खाली घालून पाय उचलतात. का, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: सात जन्म वैधव्य येतं.

ही मनाई उठवावी, पाटी असेल तिथली पाटी काढावी, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी राज्यघटना पुरेशी आहेच, पण मला इथे वेगळ्या साक्षीदारांना बोलवायचं आहे. ज्या दगडांत, धातूंत आणि पोथ्यांत हा देव आपल्यापर्यंत आला, त्या सगळ्यांत तो बायकांच्या गराड्यातच आहे. बायकांना त्याच्यापासून दूर ठेवायचं तर आधी त्याची निम्मी कथा आणि निम्मी शिल्पं झाकून ठेवावी लागतील.

कथेपासून सुरुवात करू. कार्तिकेयाच्या जन्माची सविस्तर हकीकत महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि लहानपणी ऐकलेल्या शंकर-पार्वतीच्या गोष्टीपेक्षा ती बरीच अवघड आहे. अग्नीचं मन सप्तर्षींच्या बायकांवर गेलं. अग्नीवर जीव जडलेल्या स्वाहेने ते ओळखलं आणि एकेका ऋषिपत्नीचं रूप घेऊन ती त्याच्याकडे गेली. सहा जणींची रूपं तिला घेता आली, अरुंधतीचं काही घेता आलं नाही. त्या सहा भेटींतून सहा मस्तकांचं, बारा हातांचं मूल जन्मलं. इथवर सगळं देवादिकांचं. मग मात्र अगदी गावगाड्यातलं घडतं. कुजबुज सुरू होते की हे मूल त्या सहा जणींचंच. ऋषी आपापल्या बायकांना टाकून देतात. मूल माझं आहे असं स्वाहा स्वतः सांगते, खरा प्रकार ठाऊक असलेला विश्वामित्र ऋषींना जाऊन सांगतो की तुमच्या बायकांचा काही अपराध नाही. तरीही ऋषी त्यांना परत घेत नाहीत.

पुढे हा स्कंद, म्हणजे आपला कार्तिकेय, देवांचा सेनापती होतो आणि या टाकलेल्या सहा जणी त्याच्याकडे येतात. आमचा दोष नसताना आमचं स्थान गेलं, तू आमचा मुलगा हो, असं त्या म्हणतात. एवढ्या मोठ्या पदावर बसलेला तो, ज्यांच्यामुळे आपल्या जन्माला बट्टा लागायचा त्या बायकांना ओळख न देता वाटेला लावू शकला असता. तो म्हणतो, तुम्ही माझ्या आया आहात आणि मी तुमचा मुलगा. त्या सहा जणींना आकाशात जागा मिळते. त्याच कृत्तिका. सेनापती झाल्यावरच्या त्याच्या आरंभीच्या कामांत नवऱ्यांनी संशयाने टाकलेल्या सहा बायकांना न्याय देणं आहे. तारकासुर मारल्याची कथा सगळ्यांना पाठ असते, ही कुणी सांगत नाही. कीर्तनकारांनी मनावर घ्यावं असं आख्यान आहे.

त्याच पर्वात आणखी एक प्रसंग आहे. नवजात स्कंदाला मारायला इंद्राने लोकमातांना पाठवलं. या मातृका काही प्रेमळ मावश्या नव्हेत, पोरं खाणाऱ्या उग्र बायका. त्याला पाहिल्यावर त्यांना पान्हा फुटला आणि मारायला आलेल्या त्या त्याच्या राखणदार झाल्या. स्कंदाच्या भोवतीच्या गणांत लहान मुलांना पछाडणारे ग्रहही आहेत, आणि सुश्रुतसंहितेत जे नऊ बालग्रह सांगितले आहेत त्यांत पहिला स्कंदग्रहच. मुलं पटापट दगावत होती त्या काळात या देवाकडे डोळे लावून कोण बसलं असेल? सैनिक तर होतेच. पण त्यांच्याही आधी बाळंतिणी असणार. जो मुलाला उचलून नेऊ शकतो त्यालाच मूल राखायला सांगायचं, हा लोकधर्माचा जुना व्यवहार आहे.

शिल्पकारांनी हे नीट ध्यानात ठेवलं. वाराणसीच्या भारत कला भवनात गुप्तकाळातली एक कार्तिकेयमूर्ती आहे. देव मोरावर समोर तोंड करून बसला आहे, त्याचे दोन्ही पाय मोराच्या मानेच्या दोन बाजूंनी खाली आले आहेत, आणि फुललेला पिसारा त्याच्या मागे थेट प्रभावळीसारखा उभा आहे. युद्धदेव म्हटल्यावर आपण ताणलेल्या भुवया आणि पुढे टाकलेलं पाऊल शोधतो. इथे गोल चेहरा आहे, पोरसवदा अंग आहे. गुप्तकाळातल्या अशा मूर्तींच्या गळ्यात पुष्कळदा वाघनखांची माळ असते आणि डोक्यावर लहान मुलाच्या काढतात तशा तीन बटा. वाघनख मुलाच्या गळ्यात कोण बांधतं आणि कशासाठी, हे मराठी घरात वेगळं सांगायला नको. देवांच्या सैन्याचा सेनापती, हातात पर्वत फोडणारी शक्ती, म्हणजे भाला, आणि गळ्यात आईने दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली माळ! कारागिराने छिन्नीने एवढं स्पष्ट लिहून ठेवलं असताना ‘याच्याकडे बाईने पाहू नये’ असं त्या मूर्तीच्या तोंडी घालायला भलतंच धाडस लागतं.

महाराष्ट्रातली लेणी तर याबाबतीत फारच बोलकी आहेत. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, शिवपार्वतीच्या लग्नाचा मोठा पट आहे, मोरासह कार्तिकेय आहे, आणि त्याच लेण्यात सप्तमातृकांचा पट आहे. घारापुरीला पूर्वेकडच्या भागात मातृकांच्या ओळीच्या एका टोकाला गणपती आणि दुसऱ्या टोकाला कार्तिकेय. पोर्तुगीज काळापासून घारापुरीच्या मूर्तींची जी मोडतोड झाली त्यात मातृकाही झिजल्या, पण बसण्याची जागा बदलली नाही. या लेण्यांत दर हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात. मुली येतात, शिक्षिका येतात, कार्तिकेयासमोर उभ्या राहून डबे खातात, फोटो काढतात. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीवर वैधव्याची सूचना नसते. त्या हजारो बायकांच्या कपाळी सात जन्मांचा भोग आला, असं मनाईच्या बाजूचा कट्टर माणूसही म्हणणार नाही. मूर्ती तीच, देव तोच. मग शाप फक्त विश्वस्त मंडळ असलेल्या ठिकाणीच लागू होतो की काय?

राज्यकर्त्यांच्या भक्तीचंही तसंच. बदामीचे चालुक्य, ज्यांच्या ताब्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता, आपल्या ताम्रपटांची सुरुवात ठराविक शब्दांत करत: सप्तमातृकांनी वाढवलेले, कार्तिकेयाच्या रक्षणामुळे ज्यांना कल्याणामागून कल्याण मिळालं असे. माता आधी, मग कार्तिकेय, एकाच दमात. याच घराण्यातल्या विजयभट्टारिका राणीने सातव्या शतकात स्वतःच्या नावाने दानपत्रं दिली. ती सिंधुदुर्गात नेरूर आणि कोचरे इथे सापडली आहेत. ज्या घराण्याच्या कल्याणाचा रखवालदार कार्तिकेय, त्या घराण्याची बाई कोकणात बसून जमिनी दान देते आहे. तिला कुणी नजर खाली घालायला सांगितली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करायला मजा येते.

आणि हे सगळं इतिहासजमा झालं असंही नाही. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई पूजतात. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती येऊन बाळाच्या कपाळी लिहिते म्हणतात. सटवाई म्हणजे षष्ठीच, आणि वनपर्व देवसेनेलाच षष्ठी म्हणतं. म्हणजे मराठी बाई जिला आपल्या मुलाचं नशीब लिहायला घरात बोलावते ती त्याचीच बायको, आणि जिच्या मांडीवर तो बसलेला असतो ती स्कंदमाता नवरात्राच्या पाचव्या माळेला पूजेत. आई चालते, बायको चालते, सहा आया आकाशात दिसलेल्या चालतात. फक्त तो चालत नाही! खंडोबाचं चंपाषष्ठीशी असलेलं नातं, त्याच्या म्हाळसा आणि बाणाई, आणि तमिळ मुरुगनाच्या, म्हणजे तिकडच्या कार्तिकेयाच्या, देवसेना आणि वल्ली, एक वरच्या घरची आणि एक रानातली, हे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच टिपलं आहे. त्या वादात इथे शिरत नाही. जेजुरीला बायकांना कुणी अडवत नाही एवढं नोंदवून पुढे जातो.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा. तो लपवला तर हा लेख वकिली होईल. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीयम्’च्या चौथ्या अंकात उर्वशी रागाच्या भरात कुमारवनात शिरते. आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या कार्तिकेयाचं ते वन, स्त्रियांना तिथे बंदी, आणि आत पाऊल टाकताच तिची वेल होते. म्हणजे ही कल्पना कुणा अलीकडच्या पुजाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही, किमान दीड हजार वर्षं जुनी आहे. मान्य. ब्रह्मचारी कुमार हाही परंपरेचाच एक धागा आहे, आणि जे लोक ‘हे सगळं नंतर घुसडलेलं’ म्हणून हात झटकतात त्यांनी हा अंक वाचलेला नसतो.

पण नाटक नीट वाचा. बंदी तपश्चर्येच्या वनाला आहे, जिथे लोक नवस घेऊन येतात त्या गावातल्या देवळाला नाही. उर्वशीचा नवरा मरत नाही, तो वेड्यासारखा तिला रानभर शोधत फिरतो. वैधव्याचं नाव नाही. आणि सुटका कशाने होते? पार्वतीच्या पायाच्या लालीतून जन्मलेल्या मण्याने. मुलाच्या वनाचा नियम आईच्या पावलाने सुटतो.

ब्रह्मचर्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती तर आपल्या गोदावरीची. ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्यात ती येते. तारकवधानंतर मोकाट सुटलेला कार्तिकेय देवांच्या बायकांच्या मागे लागतो. देव पार्वतीकडे गाऱ्हाणं नेतात. मग तो ज्या ज्या बाईकडे जाईल तिच्या जागी पार्वती स्वतःचं रूप दाखवते. जिकडे पाहावं तिकडे आई. तो खजील होतो, सगळ्या स्त्रिया मला आईसमान असा निश्चय करतो आणि गोदावरीत स्नान करतो. पुराणकाराने किती व्यवस्थित सांगितलं आहे पाहा: खोट पुरुषाच्या नजरेत होती, शिस्त पुरुषाच्या नजरेला लावली. आपल्याकडे येईपर्यंत ती शिस्त बाईच्या नजरेवर येऊन बसली. बघणारा तो होता, आता बघायचं नाही ते तिने. देवाचा संयम मोडेल म्हणून बाईला शिक्षा, आणि ती शिक्षाही तिच्या नवऱ्याच्या जिवावर. गोष्टीचं इतकं उलटं करणं हा मूळ देवाचाच अपमान आहे, असं मला वाटतं.

गणपतीने आईवडिलांना प्रदक्षिणा घालून शर्यत जिंकली आणि कार्तिकेय रुसून क्रौंच पर्वतावर गेला, ही गोष्ट आपल्याकडे मनाईचं कारण म्हणून सांगतात. शिवपुराणाच्या कुमारखंडात ती आहे. तिथे त्याचं कुमारपण येतं, कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिकांच्या योगावर दर्शन घेतल्याचं पुण्य येतं. सात जन्मांचं वैधव्य त्या कथेत नाही. ते आपण लावलेलं शेपूट. आणि ज्या योगावर अनेक ठिकाणी बायकांनाही दर्शन मोकळं करतात तो योग कुणाचा? त्या टाकलेल्या सहा आयांचा.

‘अहो, तो ब्रह्मचारी आहे, त्याची इच्छा’ असं म्हणणाऱ्यांना मारुती आठवत नाही. त्याच्याइतका पक्का ब्रह्मचारी दुसरा नाही, आणि शनिवारी तेल घेऊन उभ्या असलेल्या रांगेत बायका असतातच. शिवाय कार्तिकेय सगळीकडे ब्रह्मचारी नाहीच. तमिळनाडूत तिरुप्परंकुंड्रम हे त्याच्या देवसेनेशी झालेल्या लग्नाचं ठिकाण मानतात. तैपूसम या त्याच्या उत्सवाला बायका डोक्यावर दुधाचे घडे घेऊन अनवाणी चालतात. तमिळनाडूही लांब वाटत असेल तर मुंबईत चेंबूरला छेडानगरचं मुरुगन मंदिर आहे. पायऱ्या चढून बायका-पोरी दर्शनाला जातात आणि त्यांचे नवरे खाली चपला राखत सुखरूप उभे असतात. गंमत म्हणजे दक्षिणेत घरोघर लागलेली, मोर आणि दोन्ही बायकांसह मुरुगन दाखवणारी छापील चित्रं रविवर्मा छापखान्याच्या नावावरही निघाली, आणि तो छापखाना होता लोणावळ्याजवळ मळवलीला. पर्वतीपासून जेमतेम साठ किलोमीटरवर.

‘बायकांनाच जायचं नसतं, तुम्ही कशाला भरीस पाडता?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो बऱ्याच घरांत बायकाच घेतात. ज्या बाईला जायचं नाही तिने जाऊ नये. पण नवरा मरेल अशी भीती घालून मिळवलेल्या नकाराला मर्जी म्हणता येत नाही. आणि ही भीती चालते ती एका गृहीतावर, की विधवा होणं ही बाईला मिळू शकणारी सगळ्यात वाईट शिक्षा आहे. ते गृहीत याच राज्यात मोडायला घेतलं आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एकीकडे विधवेला सन्मान देणारे ठराव आणि दुसरीकडे देवळाच्या दारात ‘विधवा होशील’ अशी धमकी, हे एका राज्यात शेजारी शेजारी कसं नांदतं? आणि जी आधीच विधवा आहे तिला तरी आत का सोडत नाहीत, याचं उत्तर अजून मला कुणाकडून मिळालेलं नाही.

कायद्याची बाजू फार ओढत नाही. सार्वजनिक हिंदू पूजास्थानांत प्रवेशाचा हक्क देणारा महाराष्ट्राचा कायदा १९५६ पासून आहे. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा वाद उच्च न्यायालयात गेला तेव्हा याच कायद्याच्या आधारे न्यायालयाने सरकारला महिलांच्या हक्काची अंमलबजावणी करायला सांगितलं, आणि गुढीपाडव्याला चौथरा मोकळा झाला. शबरीमलाचा २०१८ चा निकाल पुढे मोठ्या पीठाकडे गेला हेही खरं. पण शनिशिंगणापूरला मोर्चे, कॅमेरे, पोलीस असा जो धुरळा उडाला तो प्रत्येक देवळात उडालाच पाहिजे असं नाही. कार्तिकस्वामींच्या बाबतीत तर परंपरेतच एवढा ऐवज आहे की विश्वस्तांना मान खाली घालावी लागणार नाही. कर्नाटकातल्या संडूर संस्थानात मराठ्यांचं, घोरपड्यांचं राज्य होतं. तिथल्या राजाने कुमारस्वामीचं प्राचीन देऊळ १९३२ साली दलितांना खुलं केलं, त्रावणकोरच्या मंदिरप्रवेशाच्या घोषणेच्या चार वर्षं आधी. ते करताना त्यांनी देवाचा कौल मागितल्याचं किंवा देव कोपल्याचं कुणी सांगत नाही.

विश्वस्त मंडळाचा एका ओळीचा ठराव पुरतो. मनाईची पाटी उतरवायची आणि जागा रिकामी वाटत असेल तर तिथे वनपर्वातली सहा ऋषिपत्नींची गोष्ट सोप्या मराठीत लिहून लावायची. ज्यांना पाळायचं आहे त्या बायका तरीही नजर खाली घालून जातील, त्यांना कुणी हटकू नये. बाकीच्यांसाठी कार्तिकी पौर्णिमेला दार उघडं असतंच. दुसऱ्या दिवशी ते बंद करायला पुजाऱ्यांकडे कारण काय आहे, ते त्यांनी एकदा पोथी उघडून दाखवावं.